सुरीआधीचा थांबा

“डावी,” नीरजा म्हणाली. तेवढंच. आवाज चढवला नव्हता, उलट तो बारीकच निघाला. पण ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांचे हात जिथल्या तिथे राहिले. अनंतरावांनी सुरी घेण्यासाठी पंजा पुढे केला होता, तो तसाच उघडा राहिला. टेबलावर मल्हारी आडवा होता, फर्दापूरकडचा मेंढपाळ, कमरेखालीच भूल दिलेली, त्यामुळे टक्क जागा, छातीपुढच्या पडद्याअलीकडे डोळे मिचकावत. त्याचा हर्निया डाव्या जांघेत होता आणि हिरव्या कापडांच्या चौकटीत, औषधाने पिवळीधमक रंगवून तयार ठेवली होती ती उजवी जांघ. अनंतरावांनी मास्कच्या वरून मुलीकडे, नीरजाकडे, पाहिलं. त्या नजरेत राग असता तर नीरजाला बरं वाटलं असतं. तिथं राग नव्हता. गर्दीत बोट सुटलेल्या माणसासारखं काहीतरी होतं, आणि ते क्षणभरच दिसलं. मग ते म्हणाले, “डावीच. मी काय वेगळं म्हटलं?” आणि सिस्टरकडे वळून, “सत्यशीला, कापडं कुणी लावली ही? लक्ष कुठं असतं तुमचं?” सत्यशीला सिस्टरने त्यांना विचारूनच कापडं लावली होती. त्यांच्या तोंडचा ‘उजवी’ हा शब्द थिएटरमध्ये सगळ्यांनी ऐकला होता, मल्हारीनेसुद्धा. सिस्टर म्हणाली, “चुकलं सर,” आणि कापडं काढायला लागली.

मग ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचं, आणि इतकं देखणं झालं की नीरजाला रडावंसं वाटलं. ती भूलतज्ज्ञ, तिची जागा रोग्याच्या उशाशी. बाबांचे हात तिने त्या जागेवरून जितके पाहिले तितके आईनेही पाहिले नसतील. हात थरथरले असते तर प्रश्नच मिटला असता, लोकांनाच दिसलं असतं, कुणीतरी आडून सुचवलं असतं, सत्कार करून शाल-नारळ देऊन मोकळे झाले असते. पण हात कुठं थरथरत होते? बोटं आपापल्या वाटेने चालली होती, नस ओळखत होती, बाजूला सारत होती, टाका जिथं हवा तिथंच पडत होता. हातांना सगळं आठवत होतं. फक्त कुठल्या दारातून आत शिरायचं ते सांगणारा वरचा मालकच मधूनमधून गैरहजर राहू लागला होता. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं लोक हसत म्हणतात. इथं अवघड जागी मुलगी उभी होती, आणि हसू कुणालाच येत नव्हतं. यंत्रावर मल्हारीची नाडी शांत चालली होती, नीरजाची स्वतःची कानांत वाजत होती, आणि ती मनाशी एकच गोष्ट घोळवत होती, की आपण आज त्या क्षणी औषधाची बाटली शोधायला मागे वळलो असतो तर?

सगळ्यांत बोचत होतं ते हे, की चुकीला अडवणारी शिस्त या दवाखान्यात आणली होती ती बाबांनीच. परदेशातून असल्या तपासणीचे छापील तक्ते येण्याच्या कितीतरी आधी. ती तेव्हा शाळेत होती, आणि जेवताना बाबा आईला सांगत होते, “एस्टीला थांबा असतो, मग सुरीला का नको? कापण्याआधी सगळ्यांनी हात थांबवायचे. रोग्याचं नाव, काय करायचं, कुठल्या बाजूला, मोठ्याने बोलायचं. आणि त्या घडीला मोठा कुणी नाही. झाडूवाल्याला शंका आली तरी त्याने बोलायचं.” आई यमुनाबाई म्हणाली होती, “बोलतोय तुमचा झाडूवाला! तुमच्यापुढे मला बोलायची चोरी.” सगळे हसले होते. पण थांबा आला, आणि रुजला. त्याच्याही आधी, भूल देण्यापूर्वी, बाबांची आणखी एक रीत होती. रोग्याला ते कधी ‘उजवीकडं ना?’ असं विचारायचे नाहीत. म्हणायचे, “आपली माणसं डॉक्टरला नाही म्हणत नाहीत, नीरजा. त्यांना तो उद्धटपणा वाटतो. तू विचार, तुम्हाला शेपूट आहे ना? व्हय म्हणतील.” म्हणून ते फक्त म्हणायचे, “हात ठेव बाबा, दुखतंय तिथं.” आणि माणूस स्वतःच्या हाताने जागा दाखवायचा. हात खोटं बोलत नाही, व्हय म्हणत नाही. साधी गोष्ट, पण त्या साध्या गोष्टीने किती जणांना वाचवलं ते कळायला मार्ग नाही, कारण जे घडलंच नाही ते दिसणार कसं?

आणि आज सकाळी, तिच्या देखत, बाबांनी मल्हारीला विचारलं होतं, “उजवीकडं ना रे?” मल्हारी म्हणाला होता, “व्हय साहेब.” ती सुईच्या तयारीत होती. शब्द कानांवर पडले आणि खाली उतरलेच नाहीत. आता वाटत होतं, हा प्रश्न पहिल्यांदा थोडाच बदलला होता! मागेही एकदोनदा तिने तो तसा ऐकला होता, आणि घाई असेल म्हणून सोडून दिला होता. भिंतीच्या पोटात पाणी मुरत असतं आणि आपण वरून चुना लावत बसतो. कालच विश्वजीतने, म्हणजे बाबांच्या हाताखाली शिकून इथेच राहिलेल्या तरुण सर्जनने, मल्हारीच्या डाव्या मांडीवर शाईने ठसठशीत बाण काढला होता. तो बाणही आज नव्हता. मल्हारीने सकाळी आंघोळीला बसून दगडाने खसाखसा घासून तो काढून टाकला होता, आणि अंगभर देवाचा भंडारा लावून घेतला होता. शाईचे डाग घेऊन साहेबांपुढं कसं जायचं, अंग चोख पाहिजे, असं त्याच्या बायकोचं म्हणणं पडलं. सिस्टर भंडारा पुसता पुसता वैतागली होती. एकेक करून सगळ्या कड्या निसटत गेल्या होत्या, आणि शेवटी उरला होता तिचा एक शब्द.

दुपारी ती मल्हारीच्या खाटेशी गेली. पाय अजून जड होते त्याचे, चेहरा मात्र खुशीत. तिने विचारलं, “दुखणं डावीकडं होतं ना तुमचं?” “व्हय की. डावीकडंच.” “मग साहेबांनी उजवीकडं ना म्हटल्यावर तुम्ही होय कसं म्हणालात?” मल्हारी ओशाळला. “साहेबच म्हनले ना. मग नाय कसं म्हनायचं?” “आणि टेबलावर? सगळी उजवी उजवी करत होती, ते ऐकू आलं नाही?” “आलं की.” “मग?” “म्हनलं, तिकडून आत जायची वाट आसंल,” मल्हारी म्हणाला. “येवढं लई मोठं साहेब. त्यांला म्हाईत नाय व्हय?” नीरजाला एकदम हसू आलं आणि ते अर्ध्यातच मेलं. हा माणूस जागा राहून, ऐकत राहून, आपलं निरोगी अंग कापू द्यायला तयार होता, केवळ आदरापोटी. आणि त्याला नावं ठेवायला आपण कोण? सिस्टर गप्प राहिली, ती आदरापोटी. आपण महिनोन्महिने गप्प राहिलो, ते मुलगी म्हणून. बाबांनी चहात दोनदा साखर घातली तेव्हा हसलो, तेच पेशंट पुन्हा नवीन म्हणून तपासले तेव्हा सिस्टरकडे न बघता फाइल पुढे केली. घरात चाललं. थिएटरमध्ये चालणार नव्हतं. मल्हारी म्हणाला, “मोठ्या साहेबांला माझा रामराम सांगा बाई. लई पुन्यवान हात.”

बाहेर व्हरांड्यात सत्यशीला सिस्टर हात पुसत उभी होती. नीरजा बाबांच्या वतीने माफी मागायला गेली, तर तिनेच थांबवलं. “मॅडम, मला बोलले त्याचं काय नाय. सर बापासारखे आहेत. पण असं सर कधी कुणावर ढकलत नव्हते हो.” मग जरा वेळाने, खाली बघत, “मलाही डावी वाटली होती. जीभच उचलली नाय.” ती रडली नाही, पण हात मात्र कोरडे होऊनही पुसत राहिली. “उद्या वच्छलाबाईंचं आहे,” ती म्हणाली. नीरजाला ते ठाऊक होतं. सकाळपासून ती तेच नाव मनात येऊ देत नव्हती.

वच्छलाबाई शेंद्र्याच्या पलीकडच्या वस्तीवरच्या. पोरं कंपनीत लागली तरी त्यांनी मेंढरं सोडली नव्हती. कारखान्यांच्या कुंपणाकडेने गवत चांगलं येतं म्हणून तिथंच चारायच्या. छातीत गाठ, तपासणीत नको तेच निघालेलं. उद्या एका बाजूचं स्तन काढायचं होतं. नीरजाने पडदा ओढून घेतला आणि म्हटलं, “कुठंय गाठ, मावशी?” बाईंनी पदराआडून डावीकडे हात नेला. नीरजाने स्वतः चाचपून पाहिली. डावीकडे, काखेच्या अंगाला, बोरासारखी टणक. “मोठे साहेबच करनार ना?” बाईंनी विचारलं. “माझ्या मालकाचं आपेंडिस त्यांनीच काढलं व्हतं. दुसरा कुनी आला तर मी उठून घरला जाईन बघ. आधीच सांगते.” हर्नियाची चुकीची जांघ उघडली तर टाके घालता येतात, माणूस रागावतो, निदान उठून चालू लागतो. इथं चूक झाली तर बाईंचं धड अंग जाणार, आणि रोग तसाच आत राहणार. नीरजाने त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि साहेबच करतील किंवा करणार नाहीत यातलं काहीच बोलली नाही.

परतताना गाडी तीच चालवायची, बाबा शेजारी. हेही कधी ठरलं ते कुणी बोललं नव्हतं. एक दिवस त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि ‘डोळ्यांवर ऊन येतं’ म्हणाले. जालना रोडवर नेहमीची कोंडी, रिक्षावाला डोकं बाहेर काढून कुणाला तरी दख्खनी उर्दूत शिव्या घालत होता, आणि बाबा मजेत ऐकत होते. “काय भाषा आहे बघ,” ते म्हणाले, “शिवीलासुद्धा अदब!” तिला वाटलं, हा माणूस तर अगदी पहिल्यासारखा आहे. सकाळचं स्वप्नच असेल. उद्या आपण आहोतच ना तिथं? डोळ्यांत तेल घालून उभं राहू. बाजू आपणच सांगू, दहा वेळा सांगू. पण एका माणसाच्या डोळ्यांवर दुसऱ्याचा जीव टांगायचा नाही, हे तिला शिकवलं कुणी? मागे तिचा नवरा देवेश सांगत होता, शेंद्र्याला त्याच्या कंपनीत कुठलाही कामगार लाल बटण दाबून उत्पादनाचा सगळा पट्टा थांबवू शकतो, त्याला कुणी रागवत नाही. तेव्हा ती म्हणाली होती, तुमच्या पट्ट्यावर कुणाचे बाबा उभे नसतात. लहानपणी ती पेन्सिल डाव्या हातात धरायची, आणि शाळेतल्या बाई पट्टी मारायच्या. बाबा शाळेत गेले होते आणि म्हणाले होते, तिचा हात तिला ठरवू द्या. त्या माणसाचा हात आता तिने धरायचा होता. असला अधिकार तिने कधी मागितला नव्हता, आणि तो आपल्याकडे आल्याचा तिला मनापासून संताप आला.

पुंडलिकनगरच्या घरी आईने दारातच ओळखलं. बाबा कपडे बदलायला आत गेल्यावर यमुनाबाई हळूच म्हणाल्या, “काही झालं का गं आज?” नीरजाने सांगितलं, थोडक्यात. आई ओट्याला टेकली. तिला धक्का बसला नाही, आणि त्याचाच नीरजाला धक्का बसला. “मी त्यांचे कपडे हल्ली ओळीने मांडून ठेवते,” आई म्हणाली. “आधी बनियन, मग सदरा. नाहीतर गोंधळतात. बाहेर कळायला नको म्हणून.” “आई, बाहेर कळायलाच हवं होतं.” “कळलं असतं तर दवाखाना सुटला असता. आणि दवाखाना सुटला की हा माणूस चार महिन्यांत खचेल, लिहून ठेव. सणावाराला कधी घरी बसले नाहीत ते. घरी करणार काय?” मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “आज नको बोलूस. निदान उद्याचं होऊ दे.” “उद्याचंच तर होऊ द्यायचं नाही,” नीरजा म्हणाली, आणि आपला आवाज किती कोरडा आला ते ऐकून तिला स्वतःचीच भीती वाटली.

बाबा मागच्या ओसरीत बसले होते, मांडीवर ताटली, तीत मोसंबी. जालन्याकडच्या एका पेशंटने गोणी आणून टाकली होती. संध्याकाळचं पिवळट ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. आईला फोडींवरची साल दाताखाली आलेली चालत नाही, म्हणून बाबा लग्नापासून तिच्यासाठी प्रत्येक फोडीचा पापुद्रा काढून ठेवायचे, आतला एक थेंब न सांडता. आताही तेच चाललं होतं. नीरजा समोरच्या पायरीवर बसली. किती वेळ ती नुसती त्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिने ते एकदाचं बोलून टाकलं, “बाबा, वच्छलाबाईंचं ऑपरेशन उद्या विश्वजीत करेल.”

बोटं थांबली नाहीत. “आजच्यामुळे?”

“आजच्यामुळे. आणि फक्त उद्याचंच नाही. यापुढचं सगळं.”

फोडीचा पापुद्रा निघाला, ताटलीच्या कडेला पडला. बाबा म्हणाले, “सत्यशीलाला मी उगाच बोललो. तिची माफी मागायला हवी.” आणि मग, हवापाण्याचं बोलावं तसं, “मला कळतंय, नीरजा. बरेच दिवस झाले. तुझ्या लक्षात नाही आलं? तू थिएटरमध्ये नसलीस तर मी केस घेत नाही. तुला डेंग्यू झाला तेव्हा एसी बिघडलाय म्हणून सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली. एसीला काय धाड भरली होती! तू असलीस की बरं असतं. तू बोलतेस.”

 हे कौतुक होतं, आयुष्यात बाबांनी केलेलं बहुधा सर्वांत मोठं, आणि ते ऐकून तिच्या अंगावर काटा आला. म्हणजे ती उशाशी उभी राहून निर्धास्तपणे यंत्र बघत होती, कधी फोनवर मुलाच्या शाळेचा निरोप वाचत होती, तेव्हा टेबलावरच्या प्रत्येक माणसाचा जीव तिच्या एका शब्दाला बांधलेला होता, आणि तिला कुणी सांगितलंही नव्हतं. “बाबा,” ती म्हणाली, आणि आता मात्र आवाज चढला, “एखाद्या दिवशी माझं लक्ष नसतं तर? आज मी पाठ फिरवली असती तर?”

अनंतराव पहिल्यांदाच थांबले. अर्धी सोललेली फोड बोटांत तशीच. “ते मी मनात येऊ दिलं नाही,” ते म्हणाले. खरं बोलत होते. तिच्याशी ते कधी खोटं बोलले नव्हते. “येऊ द्यायला हवं होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला थिएटरची पायरी चढू दिली नसती.”  आत आईने कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. नीरजाला वाटलं होतं ते रागावतील, वाद घालतील, मी तुझा बाप आहे म्हणतील. तिने त्या सगळ्याची तयारी केली होती. ते काहीच झालं नाही. म्हातारं माणूस लग्नघरात आपली खुर्ची कुणाला तरी देऊन निमूट बाजूला होतं, तसे ते बाजूला झाले, आणि हे तिला जास्त सोसवेना.

“वच्छलाबाईंना मी सांगेन,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “तू सांगितलंस तर ती उठून जाईल, हट्टी आहे. भूल चढेपर्यंत मी तिच्याशेजारी बसेन, आणि मग बाहेर येईन. तेवढं चालेल ना?” परवानगी मागत होते. नीरजाने होकाराची मान हलवली. 

बाबांचा चेहरा उजळला. पाठ ताठ झाली, आवाजात ती जुनी, विद्यार्थ्यांना ओळखीची धार आली. “आणि विश्वजीतला नीट सांग. बाईंची कातडी पातळ आहे, जास्त ओढाताण करू नको म्हणावं. काखेतल्या नसांना जप. एक जरी दुखावली तरी हात खांद्याच्या वर जाणार नाही, आणि तिला अजून मेंढरं हाकायची आहेत. रक्त थांबल्याशिवाय टाक्याची घाई नको. आणि खूण त्याने सकाळी स्वतः करायची, बाईंची आंघोळ झाल्यावर. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर राहायचं नाही. उजवी बाजू. नीट लक्षात ठेव म्हणावं, उजवी.”

नीरजाने तोंड उघडलं. शब्द सवयीने जिभेवर आलाच होता. दुपारीच तिने स्वतःच्या बोटांनी ती गाठ डावीकडे चाचपली होती. उद्या सकाळी विश्वजीत तपासणार होता, ती समोर असणार होती, सिस्टरलाही ती आज रात्रीच फोन करणार होती. बाबांच्या शब्दावर आता कुणाचा जीव टांगलेला नव्हता. ते काहीही म्हणाले तरी चालणार होतं. तिने तोंड मिटलं.

“सांगते बाबा,” ती म्हणाली. “उजवी.”

आणि मग तिला रडू कोसळलं. लहान मुलीसारखं, गुडघ्यांत तोंड खुपसून, आत आईला ऐकू जाईल याची पर्वा न करता. बाबांनी ताटली घाईघाईने खाली ठेवली. ते पायरीवर तिच्याजवळ सरकले, मोसंबीच्या वासाचा हात त्यांनी तिच्या डोक्यावरून फिरवला.

“अगं, वेडे, एवढं काय रडायचं त्यात?” ते म्हणाले. “पोरगा चांगला आहे. मी सगळं सांगितलंय ना? चूक नाही व्हायची.”